छड्या मोजल्या, वर्तन मोजलं नाही: मुंबईतल्या मुलांच्या शिक्षेचा इतिहास आणि एबीए

महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असायचं: 'सर्व शिक्षा अभियान'. २००१ साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची योजना. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे 'सगळ्यांना शिक्षा' या पाटीवर मराठी मुलांनी भरपूर विनोद केले. गंमत म्हणजे दोन्ही अर्थांचं मूळ एकच आहे, संस्कृतातला 'शिक्ष्' हा धातू, म्हणजे शिकणं. शिक्षक, शिक्षण आणि शिक्षा ही एकाच घरातली भावंडं. मराठीने त्यातल्या तिसऱ्याच्या हातात छडी दिली, एवढंच.

माझं पीएच.डी.चं काम या शब्दाभोवतीच फिरतं. विषय आहे उपयोजित वर्तन विश्लेषण, म्हणजे पालकांच्या रोजच्या भाषेत 'एबीए', आणि त्यात शिक्षेचं स्थान काय होतं, काय आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही स्टेशनाबाहेर थोडं चाललं की आज एखादं तरी थेरपी सेंटर दिसतं. स्वमग्न मुलांचे आईवडील तिथे जातात, फॉर्म भरतात, सही करतात. त्या सहीखाली नेमकं काय मान्य केलं जातं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल. म्हणून हा लेख इतिहासाचा.

आधी व्याख्या, कारण गोंधळ तिथेच होतो

आपण शिक्षा म्हणतो तेव्हा मनात काय असतं? कोणीतरी चुकलं, आणि कोणीतरी मोठ्या माणसाने त्याला त्रास होईल असं काहीतरी केलं. म्हणजे आपली व्याख्या शिक्षा देणाऱ्याच्या हेतूवर आणि कृतीवर उभी असते.

वर्तनशास्त्राची व्याख्या वेगळी आहे. एखाद्या वर्तनानंतर लगेच काहीतरी घडलं आणि त्यामुळे ते वर्तन पुढे कमी झालं, तरच त्या घडलेल्या गोष्टीला शिक्षा म्हणायचं. देणाऱ्याचा हेतू काय होता, तो किती रागावला होता, छडी किती जाड होती, याला इथे जागा नाही. पाहायचं ते फक्त पुढे काय झालं. ही शिक्षा दोन प्रकारे घडते: काहीतरी नकोसं समोर आणून (रागावणं, चापट), किंवा हवंसं काहीतरी काढून घेऊन (खेळ बंद, मिळालेला टोकन परत). याच्या उलट, ज्याच्यामुळे वर्तन वाढतं ते 'प्रबलन'.

उदाहरण घेऊ. गणिताच्या तासाला एक मुलगा वही फेकतो. बाई चिडून त्याला वर्गाबाहेर उभं करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा वही फेकतो, पुन्हा बाहेर. आठवड्याभरात वही रोज उडायला लागते. बाईंच्या मते त्या रोज शिक्षा देतायत. वर्तनशास्त्राच्या मते त्या रोज बक्षीस देतायत, कारण त्याला नको असलेलं गणित वही फेकली की टळतं. कोंबडा करणं, अंगठे धरायला लावणं, उठाबशा, या आपल्या सगळ्या परिचित प्रकारांना हाच प्रश्न विचारता येतो: नंतर मोजलं का?

हा प्रश्न हातात ठेवून मुंबईचा इतिहास वाचला की एक गोष्ट ठळक दिसते. आपल्याकडे शिक्षेचं मोजमाप भरपूर झालं. फक्त ते वर्तनाचं कधी झालं नाही.

कायद्याने काय मोजलं

१८६० च्या भारतीय दंड संहितेत फटक्यांची शिक्षा नव्हती. ती १८६४ च्या वेगळ्या कायद्याने आली आणि १९०९ मध्ये तो कायदा नव्याने केला गेला. सोळा वर्षांखालच्या मुलांना दुसऱ्या शिक्षेऐवजी फटके देण्याची सोय त्यात होती. कसे द्यायचे, ते १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत लिहिलेलं होतं. प्रौढासाठी वेत हलका, पण अर्ध्या इंचापेक्षा बारीक नको. जास्तीत जास्त तीस फटके. सोळा वर्षांखालच्या मुलाला जास्तीत जास्त पंधरा. डॉक्टर हजर असेल तर कैदी फटके सोसू शकेल असा दाखला त्याने द्यायचा.

बघा, किती काळजीपूर्वक मोजलंय. वेताची जाडी, फटक्यांची संख्या, मुलाचं वय, शरीराची तब्येत. पण पंधरा फटके खाल्लेला मुलगा नंतर चोरी कमी करतो की जास्त, हे पाहण्याची तरतूद या कलमांत नाही. फटके देऊन झाले की कायद्याचं काम संपलं. ही शिक्षा देशात रद्द व्हायला १९५५ साल उजाडलं.

शाळेतल्या छडीला वेगळा आधार होता: संमतीचा. पालकाने मूल शाळेत घातलं म्हणजे शिस्तीसाठी वाजवी शिक्षा करायला त्याने न बोलता संमती दिली, असं मानलं जायचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९४९ च्या निकालपत्रांतल्या घाटगे खटल्याचा दाखला या तत्त्वासाठी नेहमी दिला जातो. म्हणजे वडिलांनी शाळेचा फॉर्म भरला, आणि छडीची परवानगी त्यात गृहीत धरली गेली. मुलाला विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. ही 'गृहीत संमती' लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी ती पुन्हा लागणार आहे.

डोंगरी ते मानखुर्द

याच काळात शहरात दुसराही एक विचार हळूहळू वाढत होता. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना प्रौढ कैद्यांबरोबर ठेवू नये, म्हणून डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ सालीच मुंबईत निघाली होती. पुढे १९२४ चा मुंबई बाल अधिनियम आला. १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि मुलांचे खटले वेगळ्या न्यायालयापुढे जायला लागले.

उमरखाडीचं बालगृह ज्या जागेत आलं ती जागा मराठी वाचकाला दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. तो जुना डोंगरीचा तुरुंग. १८८२ साली टिळक आणि आगरकर तिथेच होते, आणि आगरकरांनी त्यावर 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिलं. तुरुंगाचं बालगृह झालं ही सुधारणाच होती. पण भिंती तुरुंगाच्याच होत्या, आणि मुलाला आत का ठेवलंय याचं उत्तर बराच काळ 'तो वाईट वागला म्हणून' एवढंच होतं.

'तो असं का वागतो?' हा प्रश्न संस्थेच्या पातळीवर विचारला गेला तो १९३७ मध्ये. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क तेव्हा नागपाड्यात नुकतंच सुरू झालं होतं. त्यांनी मुलांसाठी चाइल्ड गाइडन्स क्लिनिक काढलं, देशातलं पहिलं. मूल त्रास देतं म्हणजे घरात, शाळेत, शरीरात काय चाललंय ते आधी पाहा, ही त्यामागची धारणा. हीच संस्था पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली, काही वर्षं अंधेरीत राहिली आणि १९५४ मध्ये देवनारला गेली. देवनारच्या शेजारी, मानखुर्दला, चिल्ड्रेन्स एड सोसायटीने १९४१ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी निवासी गृह सुरू केलं होतं. अशा मुलांसाठीच्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी ती एक.

म्हणजे एबीए हा शब्द जन्मायच्या आधीच पूर्व उपनगरांत हा प्रश्न उभा होता: बोलू न शकणारं मूल स्वतःला मारून घेतं, दुसऱ्याला चावतं, तेव्हा त्याला सांभाळणाऱ्या माणसाने काय करायचं?

गुरांमागे गेलेली शाळा

या प्रश्नाचं एक उत्तर मुंबईच्या उत्तरेला, बोरिवलीच्याही बऱ्याच पुढे, मराठीतून दिलं गेलं. ताराबाई मोडक मूळच्या मुंबईच्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या परतल्या, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढलं, १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि १९५७ मध्ये कोसबाडला. बरोबर अनुताई वाघ. मॉन्टेसरी विचारात शिक्षा आणि बक्षीस दोन्हींना जागा नव्हती, आणि ताराबाईंची बालशाळाही त्याच वळणाची.

पण मला इथे विचारापेक्षा एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. नेहमीच्या शाळेकडे याला एकच उत्तर होतं: गैरहजर राहिलास, छडी खा. ताराबाई आणि अनुताईंनी मूल का येत नाही ते पाहिलं. लहान मुलं पाड्यावर होती, तर अंगणात शाळा भरवली, म्हणजेच अंगणवाडी. मोठी मुलं गुरं राखायला जात होती, तर त्यांच्या मागे कुरणात शाळा नेली. तिचं नाव कुरणशाळा.

ताराबाई वर्तनवादी नव्हत्या, त्यांना तसं म्हणायचंही नाही. पण त्यांनी केलं ते आज एबीएच्या कुठल्याही चांगल्या पुस्तकात पहिल्या पायरीवर सापडतं: वर्तनानंतर काय करायचं याच्या आधी, वर्तनाच्या अगोदरची परिस्थिती बदलून बघा.

प्रयोगशाळेत काय सापडलं

याच दशकांत अमेरिकेत हा प्रश्न प्राण्यांवरच्या प्रयोगांतून सोडवायचा प्रयत्न चालू होता. एडवर्ड थॉर्नडाइक यांचं १९११ मधलं मत होतं की समाधान देणारा परिणाम वर्तन पक्कं करतो आणि त्रास देणारा परिणाम ते पुसतो. १९३० च्या दशकात त्यांनी दुसरा अर्धा भाग जवळजवळ मागे घेतला. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगावरून मांडलं की शिक्षेने वर्तन काही काळ दबतं, नष्ट होत नाही. १९४४ मध्ये विल्यम एस्टिस यांच्या प्रयोगांतूनही साधारण हेच दिसलं.

मग १९६६ मध्ये नेथन ॲझ्रिन आणि विल्यम होल्झ यांचा शिक्षेवरचा मोठा आढावा आला, आणि चित्र बदललं. त्यांचं म्हणणं असं की शिक्षा परिणामकारक होऊ शकते, पण काही अटींवर. ती वर्तनानंतर ताबडतोब मिळाली पाहिजे. प्रत्येक वेळी मिळाली पाहिजे. पहिल्यापासून पुरेशी तीव्र पाहिजे, हळूहळू वाढवत नेली तर चालत नाही. सुटायची पळवाट नको. आणि तेच मिळवायचा दुसरा, चांगला मार्ग त्या प्राण्याला उपलब्ध पाहिजे.

या अटी आपल्या घराशाळेला लावून बघा. 'थांब, संध्याकाळी बाबांना येऊ दे': ताबडतोबची अट गेली. बाईंचं डोकं दुखत असेल त्या दिवशी मार, बरं असेल त्या दिवशी दुर्लक्ष: प्रत्येक वेळची अट गेली. आधी डोळे वटारणं, मग ओरडणं, मग चापट, मग छडी, ही तर आपली नेहमीची पद्धत. ती आपल्याला माणुसकीची वाटते, कारण आपण सौम्यापासून सुरू करतो. पण ॲझ्रिन-होल्झच्या हिशोबात हा सगळ्यात वाईट क्रम आहे. मूल प्रत्येक पायरीला सरावत जातं आणि मोठ्याला पुढची पायरी चढावी लागते.

इथे खरा पेच आहे. शिक्षा परिणामकारक करायची तर ती पहिल्याच वेळी जबर द्यावी लागेल, म्हणजे क्रूर व्हावं लागेल. सौम्य ठेवायची तर ती बहुतेक वेळा काम करणार नाही. 'थोडीशी शिक्षा, मुलाच्या भल्यासाठी' या वाक्यातली मधली सुरक्षित जागा आपण समजतो त्यापेक्षा खूप अरुंद आहे.

मग काम करत नसतानाही छडी इतकी वर्षं टिकली कशी? याचंही उत्तर वर्तनशास्त्रातच आहे. छडी उगारली की वर्ग त्या क्षणी गप्प होतो. ही शांतता मुलांना काही शिकवत नाही, पण शिक्षकाला शिकवते. त्रास थांबला, म्हणून शिक्षकाचं छडी उचलणं पक्कं होतं. छडीने कोणाचं वर्तन नक्की बदलत असेल तर ते मारणाऱ्याचं.

परिणाम दिसला, म्हणून योग्य ठरलं का?

१९६० च्या दशकात हे ज्ञान माणसांच्या मुलांवर वापरलं जाऊ लागलं. लॉस एंजेलिसमध्ये ओले इव्हार लोवास स्वमग्न मुलांबरोबर काम करत होते. मे १९६५ मध्ये 'लाइफ' मासिकाने त्यांच्यावर सचित्र लेख छापला. त्यात प्रेम होतं, घास भरवणं होतं, ओरडणं आणि थप्पड होती, आणि विजेचा धक्काही होता. १९६९ मध्ये लोवास आणि सिमन्स यांनी स्वतःला इजा करणाऱ्या तीन मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. धक्क्याने इजा करणं झटकन थांबलं. पण ते थांबणं बरंचसं त्या खोलीपुरतं आणि त्या माणसापुरतं राहिलं.

लोवास यांचा १९८७ चा अभ्यास एबीएच्या जाहिरातींत आजही डोकावतो: आठवड्याला चाळीस तास थेरपी मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ मुलं नेहमीच्या शाळेत इतर मुलांसारखी चालू लागली. त्या उपचारात गरज वाटली तर जोरात 'नाही' म्हणणं आणि मांडीवर चापट मारणं हाही भाग होता, हे मात्र जाहिरातीत नसतं. नंतरच्या काळात बहुतेकांनी हा भाग सोडून दिला.

मुंबईही या लाटेबाहेर नव्हती. १९८२ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री'त मुंबईच्या मानसोपचारतज्ज्ञांचा एक लेख आला. विषय होता वर्तन-परिवर्तनाने समलैंगिकतेवर उपचार. त्या काळात जगभर अशा 'उपचारांत' नकोशा उद्दीपनांचा, अगदी विजेच्या धक्क्यांचाही वापर होत असे. आज इंडियन सायकियाट्रिक सोसायटी समलैंगिकतेला आजार मानत नाही, तसं तिने २०१८ मध्ये जाहीरही केलं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. या प्रकरणातून माझ्या विषयासाठी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तंत्र चाललं की नाही, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की जे वर्तन कमी करायला निघालोय ते कमी करायचंच कशाला? हात हलवणं, डोळ्याला डोळा न भिडवणं, एकाच जागी डुलणं, यातलं काहीच कोणाला इजा करत नाही. तरी कित्येक सेंटरांच्या उद्दिष्टांच्या यादीत ते 'कमी करणे' या रकान्यात असतं.

अमेरिकेत हा वाद संपलेला नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटरमध्ये अंगावर बांधलेल्या यंत्राने धक्के दिले जात. २०२० मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने या यंत्रावर बंदी घातली, २०२१ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली, २०२२ च्या शेवटी संसदेने कायदा बदलून बंदीचा रस्ता मोकळा केला, आणि २०२४ मध्ये बंदीचा प्रस्ताव पुन्हा मांडला गेला. वर्तन विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये अशा धक्क्यांना विरोध जाहीर केला. लोवास यांच्या प्रयोगांना तोवर अर्धशतक उलटून गेलं होतं.

'का?' हा प्रश्न शास्त्रात आला

याच १९८२ साली ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण तेच. त्यांनी स्वतःला इजा करणाऱ्या मुलांना वेगवेगळ्या परिस्थितींत थोडा थोडा वेळ ठेवून पाहिलं. इजा केली की लक्ष मिळतं तेव्हा, इजा केली की काम टळतं तेव्हा, मूल एकटं असतं तेव्हा, आणि नुसता खेळ चालू असतो तेव्हा. कोणी लक्ष मिळवण्यासाठी डोकं आपटत होतं, कोणी काम टाळण्यासाठी, तर कोणी एकटं असतानाही. बाहेरून एकच दिसणारं वर्तन, पण प्रत्येकाचं कारण वेगळं. याला कार्यात्मक विश्लेषण म्हणतात.

एकदा कारण कळलं की पुढचं बदलतं. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड यांनी दाखवलं की काम टाळण्यासाठी त्रास देणाऱ्या मुलाला 'मदत हवी' असं सांगायला शिकवलं, आणि ते सांगताच खरंच मदत केली, तर त्रास देणं कमी होतं. आपल्या वही फेकणाऱ्या मुलाला हेच लागू. 'बाई, कळत नाहीये' हे सांगण्याचा मार्ग त्याला मिळाला, शब्दांतून, चित्रकार्डातून किंवा खुणेतून, तर वही फेकायचं कारण उरत नाही. कार्यात्मक विश्लेषण जसं रूढ झालं तसा संशोधनात शिक्षेवरचा भर कमी होत गेला, हेही १९९९ च्या एका आढाव्यात नोंदवलंय.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळं काही प्रबलनाने सुटतं असं नाही. १९९८ मध्ये हॅगोपियन आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या २१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. नुसतं संवाद शिकवून सगळ्यांचं भागलं नाही. काहींच्या बाबतीत शिक्षेचा घटक जोडल्यावरच धोकादायक वर्तन पुरेसं कमी झालं. डोळा फुटेपर्यंत स्वतःला मारणाऱ्या मुलाच्या आईला 'आम्ही तत्त्व म्हणून शिक्षा वापरत नाही' एवढं उत्तर पुरत नाही. परिणामकारक उपचार मिळणं हाही रुग्णाचा हक्क आहे, असं १९८८ मध्ये या क्षेत्रातल्या ज्येष्ठांनी लिहून ठेवलं ते याचसाठी.

पण त्या २१ जणांभोवती काय होतं ते बघा. रुग्णालय, डॉक्टर, रोजची मोजणी, आधी केलेलं कार्यात्मक विश्लेषण. वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी मंडळाची २०२२ पासूनची नीतिसंहिताही हेच सांगते: कमी जाचक उपाय करून झाल्यावरच, किंवा काहीच न करण्याचा धोका जास्त असेल तेव्हाच, शिक्षेचा विचार करा. म्हणजे ती शेवटची पायरी आहे, आणि तिथे पोचेपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या कागदावर दिसल्या पाहिजेत.

आणि आपल्या उपनगरांत?

आपल्याकडे कायद्याची भाषा आता स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ८२ ने बालगृहांतल्या शारीरिक शिक्षेला दंड ठेवला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेचा समावेश केला आणि क्रूर, अमानुष वागणुकीपासून संरक्षण दिलं.

पण कलम १७ शाळेबद्दल बोलतं, कलम ८२ बालगृहाबद्दल. सोसायटीच्या तळमजल्यावरचं थेरपी सेंटर यातलं काहीच नाही. तिथे लागू होतात ती सर्वसाधारण कलमं, उदाहरणार्थ बाल न्याय कायद्याचं कलम ७५, जे मूल ताब्यात असलेल्या कोणाच्याही क्रूरतेबद्दल आहे. ती कलमं कामाला येतात ती काही वाईट झाल्यावर, आधी नाही. त्यात वर सांगितलेल्या अमेरिकी मंडळाने २०२३ पासून भारतातून नवे अर्ज घेणं थांबवलं. त्यामुळे 'प्रमाणित' या शब्दामागे नेमकं काय आहे, हे पालकालाच विचारावं लागतं.

आणि तिथे शिक्षा कोणी शिक्षा म्हणून देत नाही. तिचं नाव 'टाइम-आउट' असतं, 'हात धरून करवून घेणं' असतं, 'दुर्लक्ष करणं' असतं. टाइम-आउटचा मूळ अर्थ आहे, मजेच्या ठिकाणाहून थोडा वेळ बाजूला. जिथे मुळात मजाच नाही, तिथे कोपऱ्यात बसवणं म्हणजे काम टाळायची सोय, नाहीतर नुसती कोंडणूक. शॅडो टीचर वर्गाबाहेर घेऊन जाते तेव्हाही हेच.

१९४९ च्या त्या गृहीत संमतीची आठवण मला इथे होते. फॉर्मवर सही केली, म्हणजे सगळ्याला हो म्हटलं, असं आज कोणी गृहीत धरू नये, आणि आईवडिलांनी धरू देऊ नये. विचारायचे प्रश्न अवघड नाहीत. 'मॅडम, तो ओरडला किंवा चावला तर तुम्ही नेमकं काय करता, मला करून दाखवा.' 'तो असं का करतो, हे तुम्ही कसं शोधलंत?' 'त्याऐवजी त्याला काय शिकवताय?' 'मागच्या महिन्यात किती वेळा झालं आणि या महिन्यात किती, ती वही दाखवाल?' 'तो नको म्हणाला, रडला, दाराकडे गेला, तर थांबता का?' 'मी न सांगता येऊन बसले तर चालेल?'

शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला, तर बाकीची उत्तरं कितीही शास्त्रशुद्ध असली तरी घाई करू नका. बोलता न येणाऱ्या मुलाची संमती त्याच्या शरीरातच दिसते. ते स्वतःहून चप्पल काढून आत पळतं, की दारातच आईचा ओढणीचा पदर घट्ट धरतं, हे रोज दिसतं, आणि लिहून ठेवताही येतं.

छडीच्या काळात वेताची जाडी मोजली गेली, कारण मारणाऱ्याला नियमात राहायचं होतं. एबीएने मोजायला शिकवलं ते मुलाचं वर्तन, आणि ती खरोखर मोठी गोष्ट आहे. पण मोजपट्टी अजूनही मोठ्या माणसाच्याच हातात आहे. म्हणून ती कोण धरतंय आणि कशासाठी, हे विचारत राहणं हा या शास्त्राचाच भाग आहे असं मी मानते.

पुढच्या लेखात टाइम-आउटबद्दल सविस्तर लिहीन: ते कधी उपयोगी पडतं, किती मिनिटांचं असावं, आणि घरी करताना काय सांभाळायचं. तुमच्या मुलाच्या सेंटरमध्ये ते वापरत असतील, तर तोवर ती वही एकदा मागून बघा.